शत्रूचं फायटर सारखं नजरेतून सुटतंय, काय काय तपासायचं

अंतराळातल्या लढाईचे गेम खेळताना हे नेहमीचं. लॉक झालंय, लाल चौकट दिसतेय, अंतर ६०० मीटर, बोट ट्रिगरवर, आणि पुढच्या सेकंदाला समोर नुसते तारे. स्क्रीनच्या कडेला एक बाण येतो, आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग खाली, आपण त्याच्यामागे स्टिक पिळत बसतो आणि अर्ध्या मिनिटाने बघावं तर तोच पठ्ठ्या आपल्या शेपटीला लागून आपल्यालाच झोडतोय. हे एकदा झालं तर ठीक, पण दर मिशनला, दर दुसऱ्या फायटरशी हेच होत असेल तर कुठेतरी काहीतरी ठरावीक चुकतंय, आणि ते शोधून काढता येतं.

मला हा त्रास फ्रीस्पेस २ मध्ये झाला, एलिट डेंजरसमध्ये झाला, एक्स-विंग अलायन्समध्ये तर इतका झाला की वैतागून दोनदा गेम अनइन्स्टॉल केला होता. सगळ्यात जास्त तास फ्रीस्पेस २ वर घातलेत, म्हणून खाली बटणं मुख्यतः त्याचीच येतील. गेम १९९९ चा आहे पण २००२ साली त्याचा सोर्स कोड खुला झाला आणि तेव्हापासून लोक तो सुधारत आलेत, त्यामुळे आजच्या मशीनवरसुद्धा छान चालतो. बाकी गेममध्ये बटणं वेगळी, पण दुखणं तेच.

आधी माझी फजिती सांगतो, कारण तुम्हीही बहुतेक तिथेच असाल. मला खात्री होती की जॉयस्टिक खराब आहे. नवीन घेतली. तेच. मग वाटलं सेन्सिटिव्हिटी कमी आहे, ती पार वरपर्यंत नेली, तर नेम धरताना क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, माशीसारखा भिरभिरायला लागला. मग एक दिवस काही सुचेना म्हणून मिशन रेकॉर्ड केलं आणि शांतपणे बघायला बसलो. चाळीस सेकंदांचा एक तुकडा मी चार वेळा पाहिला असेल. त्यात तो कडेचा बाण डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे अकरा वेळा उडी मारतो, मी अकराच्या अकरा वेळा त्याच्यामागे स्टिक फिरवतो, आणि या सगळ्या वेळात थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, १०० टक्क्यांवर. मधेमधे वरून आफ्टरबर्नर, म्हणजे जादा वेगाचा झटका, तो पण. वेग एकदाही कमी केलेला नाही. जॉयस्टिकचे पैसे गेले ते गेलेच.

तर पहिली तपासणी ही, की फिरताना तुमचा वेग किती असतो? स्क्रीनकडे बघून सांगू नका, रेकॉर्डिंग करून बघा, कारण खेळताना आपल्याला वाटतं आपण थ्रॉटल वापरतोय आणि प्रत्यक्षात हात नुसता तिथे ठेवलेला असतो.

गणित सोपं आहे. समजा तुमचं जहाज सेकंदाला ४० अंश वळतं. वेग सेकंदाला १०० मीटर असेल तर वळणाचा घेर, म्हणजे त्या वर्तुळाची त्रिज्या, साधारण १४३ मीटर होते. वेग ५० वर आणला की तीच ७२ मीटर. उलट तोंड करायला दोन्ही वेळा साडेचार सेकंदच लागतात, पण पहिल्या वेळी तेवढ्यात तुम्ही ४५० मीटर धावलेले असता आणि दुसऱ्या वेळी २२५. आता शत्रू जर हळू फिरत असेल तर तो तुमच्या त्या मोठ्या वर्तुळाच्या आत बसतो, आणि आत बसलेल्याकडे नाक वळवणं शक्यच नाही, तुम्ही कितीही जोरात स्टिक ओढा, घाण्याच्या बैलासारखं त्याच्याभोवती फिरतच राहणार. तो स्क्रीनच्या वरच्या कडेला अर्धवट दिसत राहतो, अजून थोडं ओढलं की येईल असं वाटत राहतं, आणि तो येत नाही. हे ज्याला ओळखीचं वाटलं त्याने बाकीचं नंतर वाचा, आधी जाऊन थ्रॉटल निम्मा करून एकदा खेळून या.

किती कमी करायचा हे मात्र गेमप्रमाणे बदलतं. फ्रीस्पेसमध्ये वळायचा दर वेगावर अवलंबून नाही, त्यामुळे जितके हळू तितका घेर लहान, अगदी थांबून जागच्या जागी पण फिरता येतं, फक्त थांबलेल्या जहाजावर कोणीही नेम धरतं म्हणून ते एखादा सेकंदच करायचं. एक्स-विंग अलायन्समध्ये एक तृतीयांश थ्रॉटलला जहाज सगळ्यात चपळ असतं आणि त्यासाठी वेगळं बटणच दिलंय, उघडणाऱ्या चौकोनी कंसाचं. स्टार वॉर्स स्क्वाड्रन्समध्ये अर्धा थ्रॉटल. एलिट डेंजरसमध्ये थ्रॉटलच्या पट्टीवर निळा भाग दाखवलेला असतो, फ्लाइट असिस्ट, म्हणजे जहाज आपोआप सावरणारी सोय, चालू असताना त्या निळ्यात राहिलात तर जहाज सगळ्यात चांगलं वळतं, बाहेर गेलात की मालवाहू गाडी. कित्येक जण त्या निळ्या पट्टीला डिझाइन समजतात. मी पण समजायचो.

आता तो बाण. त्याच्यावर माझा जरा राग आहे म्हणून सविस्तर लिहितो.

टार्गेट स्क्रीनबाहेर गेलं की कडेला जो बाण किंवा त्रिकोण येतो तो सांगतो की या बाजूने वळलात तर अंतर सगळ्यात कमी. शत्रू उजवीकडे ७० अंशावर असेल तर बाण उजवीकडे, छान, काही अडचण नाही. पण शत्रू बरोब्बर तुमच्या पाठीमागे असेल तर डावीकडून गेलात काय आणि उजवीकडून गेलात काय, अंतर तेवढंच. मग तो जरासा सरकला की बाण टुणकन दुसऱ्या कडेला. तुम्ही उजवीकडे वळायला सुरुवात केलेली असते, जहाजाने जडपणे वळण पकडलेलं असतं, तेवढ्यात बाण डावीकडे जातो, तुम्ही स्टिक उलटी मारता, आधीचं सगळं वळण वाया. परत बाण उजवीकडे. माझे ते अकरा फेरे असेच झाले होते, आणि गेममध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं, बाण दर वेळी खरंच बोलत होता.

उपाय असा, की बाणाने एकदा उडी मारली की त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं. तो मागे आहे एवढं कळलं ना, बास. एक दिशा निवडायची, शक्यतो स्टिक मागे ओढून नाक वर घ्यायचं, आणि बाण एका जागी स्थिर होईपर्यंत ती दिशा सोडायची नाही. दोन सेकंद डोळे मिटून ओढलं तरी चालेल, मी शिकताना खरंच तसं केलंय. उजवी-डावी बदलायची खोड मोडायला आठवडाभर लागतो.

वर घ्यायचं असं का म्हटलं, कारण बऱ्याच गेममध्ये नाक वर-खाली करायचा वेग हा डावी-उजवीकडे वळवायच्या वेगापेक्षा जास्त असतो. एलिटमध्ये तर हा फरक इतका आहे की नुसतं डावी-उजवी करून फायटरच्या मागे लागणारा माणूस लांबूनच ओळखू येतो. त्यामुळे शत्रू डावीकडे गेला तर डावीकडे वळू नका. आधी नाक समोरच ठेवून जहाज कुशीवर फिरवा, म्हणजे रोल करा, इतकं की तो स्क्रीनच्या बरोबर वरच्या बाजूला येईल, घड्याळात बारा वाजतात तिथे, आणि मग स्टिक ओढा. रोल, मग ओढा. सुरुवातीला हे दोन वेगळे झटके वाटतात, नंतर हात एकाच हालचालीत करायला लागतो. ज्यांच्या स्टिकला पिळायची सोय नाही त्यांनी रोल स्टिकच्या डावी-उजवीवर ठेवावा आणि यॉ, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणं, कीबोर्डवर ढकलून द्यावा, उलटं ठेवलं असेल तर तेच पहिलं बदला.

रडार वाचता येत नाही ही तक्रार पण याच्यातच येते, आणि यात दोष आपला कमी आणि गेम बदलत राहायच्या सवयीचा जास्त. कारण रडारच्या निदान तीन जाती आहेत आणि तिन्ही दिसायला गोलच असतात. फ्रीस्पेसचं रडार घ्या, त्यात मध्यबिंदू म्हणजे तुमच्या नाकासमोर आणि बाहेरची कड म्हणजे थेट पाठीमागे. ठिपका कडेला आहे म्हणजे लांब आहे असं नाही, मागे आहे! अंतर त्या जागेवरून कळतच नाही, ते चौकटीजवळच्या आकड्यावरून घ्यायचं. एक्स-विंगच्या गेममध्ये दोन वेगळे गोल, एकात पुढचं अर्धं आकाश आणि दुसऱ्यात मागचं, ठिपका दुसऱ्या गोलात गेला म्हणजे तो मागे गेला. आणि एलिटचं, जे १९८४ च्या पहिल्या एलिटपासून तसंच चालत आलंय, ते म्हणजे आडवी ठेवलेली थाळी, मध्ये आपण, कड म्हणजे खरोखर लांब, आणि ठिपक्याला जी उभी काडी असते ती सांगते की तो थाळीच्या किती वर किंवा खाली आहे.

मी एलिटवरून परत फ्रीस्पेसला आलो तेव्हा पहिले दोन दिवस कडेवरच्या ठिपक्यांना लांबचे समजून निवांत उडत होतो आणि मागून मार खात होतो. तुमचंही असं होत असेल तर एक छोटी परीक्षा करा, मिशन सुरू झाल्यावर एका मित्रजहाजाला टार्गेट करा, ते समोर धरा, मग हळूच फिरून त्याला पाठ दाखवा आणि तेवढा वेळ फक्त रडारवरचा त्याचा ठिपका कसा सरकतो ते बघा. एवढं केलं की डोक्यात पक्कं बसतं, मॅन्युअल वाचून बसत नाही. एलिटवाल्यांसाठी अजून एक, तिथे ठिपक्याचा आकार पण बोलतो, त्रिकोण म्हणजे त्याची शस्त्रं बाहेर आलीत, चौकोन म्हणजे आत आहेत, आणि आतून पोकळ म्हणजे समोर माणूस खेळतोय. शिवाय स्कॅनरचा झूम बदलता येतो, जवळच्या भांडणात तो आत आणून ठेवा, नाहीतर सगळे ठिपके मध्यभागी एकावर एक बसतात.

पुढची गोष्ट, टार्गेटच बदलतंय का ते बघा. खूप जण म्हणतात शत्रू गायब झाला, आणि रेकॉर्डिंग बघितलं तर शत्रू तिथेच असतो, चौकट दुसऱ्यावर गेलेली असते. फ्रीस्पेसमध्ये एच दाबलं की शत्रूंच्या यादीत पुढच्यावर उडी जाते, घाबरून दोन-तीनदा दाबलं की आपण कोणाच्या मागे होतो हेच विसरायला होतं. ऑटो टार्गेटिंग चालू असेल तर हातातलं टार्गेट संपल्यावर गेम स्वतःच पुढचं निवडतो, ते ऑल्ट आणि एच ने बंद-चालू होतं. मला ते बंदच आवडतं. समोर दिसतोय त्याला लॉक करायला वाय, म्हणजे क्रॉसहेअरखाली जो आहे तो. माझी पद्धत अशी की एच फक्त मोकळ्या वेळी, पाठलाग चालू असताना फक्त वाय. आणि बॉम्बर येतायत असं रेडिओवर ऐकू आलं की बी, ते बॉम्बर पकडतं, कारण तेव्हा फायटरच्या मागे पळत बसलात तर ज्याचं रक्षण करायचंय ते जहाज जातं आणि मिशन फेल. पाठलाग कितीही भारी झाला तरी.

बरं, आता समजा वळताय नीट, टार्गेट पण तेच आहे, तरी जवळ गेलं की तो सुटतो. म्हणजे तुम्ही त्याच्या पुढे निघून जाताय. शत्रू सेकंदाला ६० मीटरने चाललाय, तुम्ही आफ्टरबर्नर लावून १५० ने येताय, फरक ९० चा, म्हणजे ६०० मीटर अंतर पावणेसात सेकंदांत संपतं आणि शेवटचे ३०० मीटर तर तीन-साडेतीन सेकंदांतच. तेवढ्यात नेम धरायचा, लीड घ्यायची म्हणजे तो जिथे पोचणार तिथे पुढे नेम न्यायचा, मारायचं आणि ब्रेक पण लावायचा, कोणाला जमणार? वरून जितके जवळ जाल तितकी त्याची छोटीशी हालचाल पण स्क्रीनवर मोठी दिसते. हजार मीटरवर तो ५० मीटर बाजूला सरकला तर तुम्हाला नाक तीन अंश हलवावं लागतं, शंभर मीटरवर तेवढाच सरकला तर साधारण २७ अंश. म्हणून जवळ गेल्यावरच सुटतो, लांबून सुटत नाही.

मी स्वतःला एक सवय लावलीय. ८०० मीटरला आफ्टरबर्नर सोडायचा, ४०० ला एम दाबायचं. एम म्हणजे टार्गेटच्या वेगाशी वेग जुळवणं, एक्स-विंगच्या मालिकेत हेच एंटरवर असतं. हे एक बटण नसतं तर मी हा प्रकार कधीच सोडून दिला असता. ऑल्ट आणि एम ने ते कायमचं चालू ठेवता येतं पण मी ठेवत नाही, कारण तो थांबला की आपणही थांबतो आणि मागचा कोणीतरी आपल्याला टिपतो. वेग जुळला की मग त्याच्या नाकाच्या पुढे जायची घाई न करता उलट थोडं त्याच्या शेपटीच्या मागच्या जागेकडे नाक ठेवायचं. तो वळतो, तुम्ही त्याच्या मागून थोडं बाहेरून वळता, अंतर टिकतं, आणि तो सरळ झाला की तुम्ही नेमके मागे असता. लढाऊ विमानांचे पायलट याला लॅग पर्स्युट म्हणतात. गोळी झाडायच्या वेळेला मात्र उलटं, नाक त्याच्या पुढे न्यायचं, कारण लेझर पोचेपर्यंत तो सरकलेला असतो. ८०० मीटरवरच्या फायटरला सेकंदाला हजार मीटर जाणारी गोळी गाठायला पाऊण सेकंदाहून जास्त लागतो, तेवढ्यात १५० च्या वेगाने आडवा जाणारा १२० मीटर पुढे गेला. ती लीड दाखवणारी खूण असते ती याचसाठी, तिच्यावर मारायचं, जहाजावर नाही. पण पूर्ण वेळ त्या खुणेच्या मागे लागू नका, ती नाचते आणि तिच्या नादात आपण त्याच्या पुढे जातो. मागे राहायचं शेपटीच्या हिशोबाने, खुणेकडे जायचं फक्त ट्रिगर दाबायच्या वेळी.

समोरासमोर येऊन एकमेकांना ओलांडून जायचा प्रकार पण बघा, दोघं समोरून येतात, गोळ्या झाडतात, ओलांडतात, लांब जातात, वळतात, परत समोरून. दहा मिनिटं हेच. यातून सुटायचं तर ओलांडायच्या आधीच वळायला लागायचं. समोरून येताना थेट नाकावर न जाता थोडं बाजूने जायचं, थ्रॉटल कमी करायचा, आणि तो शेजारून जायच्या सेकंदभर आधीच रोल करून ओढायला सुरुवात करायची. तो पुढे जाऊन वळायचा विचार करेपर्यंत तुम्ही निम्मे वळलेले असता. एलिटमध्ये फ्लाइट असिस्ट बंद करून तर अजून मजा, जहाज आहे त्या दिशेने वाहत राहतं आणि तुम्ही नुसतं नाक मागे फिरवून जाणाऱ्याला मारत राहता. पण ते शिकायला वेळ लागतो, पहिल्याच दिवशी करू नका, स्टेशनवर आपटाल.

एलिटमध्ये गिंबल असलेल्या, म्हणजे थोडा नेम आपोआप धरणाऱ्या, गन वापरत असाल आणि त्या मधेच सैरभैर मारायला लागल्या तर नेम तुमचा चुकलेला नाही, समोरच्याने चॅफ, म्हणजे सेन्सरला चकवणारा कचरा, सोडलाय. तेवढ्यापुरतं टार्गेट सोडून द्यायचं, गन सरळ रेषेत मारायला लागतात, मग हाताने नेम धरायचा.

आता दिसण्याचा भाग. फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर किती अंशांचं दृश्य मावतं ते, जास्तीत जास्त ठेवायची एक फॅशन आहे, वेग जास्त वाटतो म्हणून. पण हिशोब करा. १९२० पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनवर २० मीटरचं फायटर एक किलोमीटरवर असेल तर आडवा व्ह्यू ९० अंश असताना ते साधारण १९ पिक्सेल दिसतं. ११० केलात तर १३. आणि ६० केलात तर ३३. म्हणजे ज्याला आपण दिसतच नाही म्हणतोय त्याला आपणच अर्ध्याहून लहान करून ठेवलेलं असतं. मी ७५ च्या आसपास ठेवतो, आजूबाजूचं पण दिसतं आणि शत्रू पण मुंगी होत नाही. मोशन ब्लर बंद, ब्लूम कमी. स्पेस डस्ट म्हणजे ते बारीक कण मात्र चालू ठेवा, त्यांच्याशिवाय आपण हलतोय की थांबलोय हेच कळत नाही, काळ्या पोकळीत दुसरं काही मोजमापच नाही. लाल नेब्युलात, म्हणजे अंतराळातल्या वायूच्या ढगात, लाल चौकट दिसत नसेल तर एचयूडीचा, म्हणजे स्क्रीनवरच्या खुणा-आकड्यांचा, रंग बदला, बऱ्याच गेममध्ये सोय असते, मी हिरव्याचा पिवळा केलाय.

हेड ट्रॅकिंग किंवा व्हीआर असेल तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो, कारण जहाज एकीकडे वळत असताना डोळे शत्रूवर ठेवता येतात. ओपनट्रॅक नावाचं फुकट सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवर पण काम चालवून घेतं. नसेल तर निदान टार्गेटकडे बघायचं बटण गेममध्ये आहे का ते शोधा.

हार्डवेअर मुद्दाम शेवटी ठेवलंय कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात, माझ्यासारखे. तरी पाच मिनिटांत होणारी तपासणी आहे, करून टाका. स्टिक सोडून द्या आणि क्रॉसहेअर आपोआप एका बाजूला सरकतो का बघा. सरकत असेल तर डेड झोन, म्हणजे स्टिक हलली तरी गेम दुर्लक्ष करतो तो मधला भाग, थोडा वाढवा, ५ टक्क्यांपासून सुरू करा, एकदम २० वर गेलात तर नेम धरतानाची बारीक हालचालच मरते. विंडोजमध्ये गेम कंट्रोलरची जी खिडकी आहे तिथे फुलीचं चिन्ह थरथरतंय का तेही दिसतं. एकाच अक्षावर दोन उपकरणं लागलीयत का हे नक्की बघा, स्टिक आणि गेमपॅड दोन्ही जोडलेले असले की कधीकधी दोघंही वळवायला बघतात आणि जहाज दारू प्यायल्यासारखं चालतं. स्टीमचं स्वतःचं कंट्रोलर सेटिंग आणि गेमचं सेटिंग दोन्ही चालू असतील तरी हेच.

आणि एक फार छळवादी प्रकार, ज्याने माझे दोन आठवडे खाल्ले. एम दाबलं की वेग जुळायचा आणि दोन-तीन सेकंदांत आपोआप सुटायचा. कारण माझ्या जुन्या थ्रॉटलचा अक्ष थरथरत होता, हात लावला नाही तरी एखादा टक्का वर-खाली, आणि गेमला वाटायचं मी थ्रॉटल हलवला, म्हणजे वेग जुळवणं रद्द. थ्रॉटलच्या अक्षाला पण डेड झोन देता येतो का बघा, नाहीतर त्याचं बाइंडिंग काढून कीबोर्डवरून थ्रॉटल द्या आणि परत एम वापरून बघा. टिकलं तर चोर सापडला.

जुने डॉसचे गेम डॉसबॉक्सवर खेळणाऱ्यांसाठी वेगळंच. १९९० चा पहिला विंग कमांडर मशीनच्या वेगावर पळतो, मशीन जितकं तगडं तितका गेम सुसाट, शत्रू माश्यांसारखे फिरतात आणि माणसाच्या हाताने पकडणं अशक्य. तिथे वरचं काहीही लागू नाही. कंट्रोल आणि एफ११ दाबून सायकल्स, म्हणजे डॉसबॉक्सचा वेग, कमी करत न्या, फायटरची हालचाल माणसाळेपर्यंत.

काही वेळा मात्र खरंच काही बिघडलेलं नसतं आणि आपण उगाच सेटिंग उकरत बसतो. १९९८ च्या पहिल्या फ्रीस्पेसमध्ये शिवन नावाच्या परग्रहवासी शत्रूंची जहाजं पहिल्यांदा येतात तेव्हा ती लॉकच होत नाहीत, ते गोष्टीतच तसं आहे, पुढे सेन्सर सुधारतात. फ्रीस्पेस २ च्या नेब्युलातल्या मिशनमध्ये सेन्सर अधू होतात, लांबचं पकडत नाहीत, विजेच्या कडकडाटाने एचयूडी पण बिघडतो. एलिटमध्ये थंड झालेलं, सायलेंट रनिंगवर गेलेलं, म्हणजे उष्णता आत कोंडून ठेवणारं, जहाज स्कॅनरवरून निसटतं. अशा ठिकाणी जवळ जा, डोळ्यांनी इंजिनाची रेघ शोधा, आणि एक गेला तर दुसरा पकडा.

एवढं सगळं बघूनही जमत नसेल तर मी केलं ते करा. फ्रीस्पेस २ बरोबर फ्रेड नावाचा मिशन एडिटर येतो, त्यात रिकाम्या जागेत एकच शत्रू फायटर टाका, त्याच्या सगळ्या गन आणि मिसाइल काढून घ्या, आणि त्याच्या मागे लागा. गोळी झाडायची नाही. फक्त त्याला स्क्रीनच्या मधल्या भागात धरून ठेवायचं आणि किती सेकंद राहतो ते मोजायचं, बाहेर गेला की शून्यापासून परत. ही नुसती पाठशिवणी आहे, मरायची भीती नाही, त्यामुळे हाताला थ्रॉटल कमी करायचा धीर येतो. पहिल्या दिवशी माझे चार सेकंद झाले होते. तेही तो सरळ चालला होता म्हणून. चौथ्या-पाचव्या दिवशी तीस पार झाले, आणि मग त्याच मिशनमध्ये दुसरं फायटर टाकलं, हत्यारांसकट, तेव्हा परत नऊवर आलो.